जुन्या हार्ड डिस्कमधला आवाज

प्रश्न : माझा जुना डेस्कटॉप सुरूच होत नाही. त्यात बाबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग आहेत. ती नव्या लॅपटॉपवर घेता येतील का?

उत्तर : बहुतेक येतील. कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे डिस्क गेली असं नसतं. अनेकदा पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड गेलेला असतो. डिस्क काढून साटा-यूएसबी अ‍ॅडॉप्टरने लॅपटॉपला जोडा (साटा म्हणजे डिस्कवरच्या जोडणीचा प्रकार, अ‍ॅडॉप्टर ती यूएसबीला जुळवतो). डेस्कटॉपची डिस्क साधारणपणे साडेतीन इंची असते. तिला १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून वेगळा पॉवर अ‍ॅडॉप्टर असलेलाच घ्या. कनेक्टरला ४० पिना दिसल्या तर ती जुनी आयडीई, म्हणजे साटाच्या आधीच्या जोडणीची, डिस्क. तिचा अ‍ॅडॉप्टर वेगळा.

जोडल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’, म्हणजे डिस्क पुसायची का, असं विचारलं तर कृपा करून ‘कॅन्सल’ दाबा. फोल्डर उघडायला परवानगी मागितली तर ‘कंटिन्यू’ चालेल. आधी बाबांची रेकॉर्डिंग घ्या, बाकी सगळं नंतर. आणि ‘कट’ नको, ‘कॉपी’च करा. माझ्या आईचे फोटो मी ‘कट’ करून हलवत होतो, मध्येच केबल निसटली. काही फोटो अर्धेच उघडतात, खाली नुसता करडा पट्टा. डिस्क टक्‌-टक्‌ वाजू लागली तर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.