पेशींची पकड सुटते तेव्हा

प्रश्न : माझ्या आईच्या तोंडात काही महिने जखमा होत्या, आता छातीपाठीवर पाण्याचे फोड उठतात आणि लगेच फुटतात. शेजारीपाजारी याला नागीण म्हणतात व तिचे ताट-वाटी वेगळे ठेवायला सांगतात. बेळगावच्या डॉक्टरांनी मात्र ‘पेम्फिगस’चे निदान केले असून, पेशींना जोडणाऱ्या प्रथिनांवर शरीरच हल्ला करत असल्याचे सांगितले. ही प्रथिने नेमके काय करतात?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सर्वप्रथम, आईंचे ताट वेगळे ठेवू नका. पेम्फिगस संसर्गाने पसरत नाही. नागीण हा विषाणूचा आजार असून तिचे पुरळ बहुधा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठते. आपण लिहिलेली लक्षणे तशी नाहीत.

त्वचेच्या वरच्या थरातील पेशी डेस्मोसोम नावाच्या सांध्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. तेथील डेस्मोग्लीन ही प्रथिने शेजारच्या पेशीवरील डेस्मोग्लीनला धरून ठेवतात आणि पेशीच्या आत केराटिनच्या चिवट तंतूंशी जोडलेली असतात. म्हणूनच उसाची मोळी खांद्यावर घासली तरी कातडी सहसा सुटून येत नाही. तोंडाच्या अस्तरात मुख्यतः डेस्मोग्लीन-३ असते, तर त्वचेत त्याच्या जोडीला डेस्मोग्लीन-१ भरपूर असते. त्यामुळे हल्ला करणारी प्रतिपिंडे (शरीराच्या संरक्षण यंत्रणेने चुकून स्वतःविरुद्ध बनवलेली प्रथिने) केवळ पहिल्याविरुद्ध असतात तोवर जखमा प्रामुख्याने तोंडात राहतात, आणि दुसऱ्याविरुद्धही तयार झाली की अंगावर फोड येऊ लागतात. आईंच्या आजाराचा क्रम याच्याशी जुळतो. मला विशेष वाटते ते असे, की या आजारात सर्वांत तळाच्या पेशी शेजारणींपासून सुटल्या तरी खालच्या पटलाला चिकटूनच राहतात, कारण तिथली पकड इंटिग्रिन या वेगळ्या प्रथिनांची असते. त्वचेच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करताना हीच खूण शोधली जाते.

पकड सैल होणे हा मात्र दर वेळी आजार नसतो. उसाच्या पात्याने हात चिरला, तर जखमेच्या कडेच्या पेशी आपले डेस्मोसोम काही काळ मुद्दाम कमी करतात, इंटिग्रिनच्या साहाय्याने जखमेतील फायब्रोनेक्टिन या चिकट प्रथिनाला पुढून धरतात, मागची पकड सोडतात आणि अशा रीतीने सरकत जखम झाकतात. पकड फार घट्ट असेल तर पेशी जागची हलत नाही. अगदी ढिली असेल तर स्वतःला पुढे ओढायला आधारच मिळत नाही. जखम झाकली गेली की सांधे पुन्हा पक्के होतात. कर्करोगात मात्र ई-कॅडहेरिन हे जोडप्रथिन अनेकदा घटते आणि सुटलेल्या पेशी आजूबाजूच्या ऊतींत शिरतात. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात राहणाऱ्यांनी म्हणूनच तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

आईंच्या उपचारात स्टेरॉइडच्या गोळ्या असतील, तर फोड आटले म्हणून त्या एकाएकी बंद करू नका. डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतील. या गोळ्यांनी रक्तातील साखर वाढू शकते आणि जखमा भरण्यासही वेळ लागतो, म्हणून साखर तपासत राहा. तोंड बरे होईपर्यंत तिखट टाळून मऊ भात, ताक, पेज असे द्यावे.