सुरक्षित मात्रा ठरते कशी?

प्रश्न : विषशास्त्राच्या प्राध्यापकांच्या परिचयात ‘संशोधनाचा विषय : मात्रा-प्रतिसाद’ असं लिहिलेलं असतं. ते नेमकं काय करतात?

उत्तर : किती मात्रेला शरीरात काय बिघडतं, हे मोजतात. ९० दिवसांच्या प्रमाणित चाचणीत उंदरांचे किमान तीन मात्रांचे गट आणि एक बिनमात्रेचा. प्रत्येकात १० नर, १० माद्या. अपाय न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा समजा किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम निघाली, तर तिला सहसा १०० ने भागतात : दहापट प्राणी-माणूस फरकासाठी, दहापट माणसामाणसांतल्या फरकासाठी. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ३ मिलिग्रॅम. गोची मात्रा निवडताना होते. ५ नंतर थेट ५० ठेवली, तर खरा उंबरठा मधे कुठेही असू शकतो, आणि ही चूक नंतर कितीही आकडेमोड केली तरी निस्तरत नाही.