कोट अंगावर येईपर्यंत

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, "मी शिकवलेली मुलं एअरलाइनला लागली, मी अजून छोट्या सेसना विमानातच." ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

तुझ्यासारखीच उड्डाण शिकवता शिकवता वाट पाहणारी एक अमेरिकी बाई होती, एमिली हॉवेल वॉर्नर. तिचा वैमानिकाचा गणवेश वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलाय. तिच्याही आधी, 1934 मध्ये हेलन रिची या वैमानिक बाईला तिकडच्या एका विमान कंपनीनं घेतलं होतं, पण वैमानिकांच्या संघटनेनं तिला सामावून घेतलं नाही आणि वर्षभरात तिनं नोकरी सोडली. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं अमेरिकी एअरलाइनच्या कॉकपिटची दारं बायकांना बंदच. एमिली डेन्व्हरला उड्डाण शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेल्या पुरुषांना नोकऱ्या लागत होत्या, आणि ती कितीतरी वर्षं फ्रंटियर एअरलाइन्सकडे अर्ज करत होती. जानेवारी 1973 मध्ये फ्रंटियरनं तिला घेतलं, तेव्हा ती 33 वर्षांची होती आणि लॉगबुकात उड्डाणाचे सात हजारांवर तास होते. 1976 मध्ये ती कॅप्टन झाली.

सात हजार तास! त्याचं कौतुक तुला कुणी ऐकवलं तर मान डोलवू नकोस. तो अन्याय होता. मुलींनी दुप्पट करून दाखवावं, हे मला कधीच पटलं नाही. तिच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की तास वाढले की ती कंपनीला कळवत राहिली. तुझा अर्ज दीड वर्षापूर्वीचा आहे. तेव्हापासून तू किती उडालीस, हे तिथे कुणाला ठाऊक आहे?

आयआर (नुसत्या उपकरणांवर उडवण्याचं रेटिंग) आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, दोन्हींची मुदत आजच तपास. बोलावणं आलं आणि कागद शिळे निघाले, असं होता कामा नये. क्लबातली शिकवणी सोडू नकोस. विद्यार्थ्याचं वाकडं लँडिंग सावरताना तुझा हात जितका तयार होतो, तितका एकटीनं उडून होत नाही.

गणवेशाच्या कोटाचं विचारलंस. माझा पहिला कोट पुरुषी मापाचा होता, खांद्यावरून घसरायचा. शिंप्याकडून दोनदा उसवून घेतला, तेव्हा कुठे हात मोकळेपणानं वर जायला लागले. तुझा आला की आधी बसून, हात वर करून बघ.

रविवारी सगळी लॉगबुकं घेऊन ये. पीआयसीचे, म्हणजे विमानाची मुख्य वैमानिक म्हणून उडालेले, तास फॉर्ममध्ये वेगळे मांडावे लागतात, आणि तुझी बेरीज तिथेच चुकते. दोघी मिळून पुन्हा करू.

तुझी,
मावशी