‘प्रत्यर्पण’ आणि ‘ताबा’ एकच का?

प्रश्न असा आहे: युरोपीय अटक वॉरंटवरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘एक्स्ट्राडिशन’ आणि ‘सरेंडर’ या दोन्ही शब्दांना ‘प्रत्यार्पण’ म्हटलं तर चालेल का?

आधी त्यातला काना काढू या. प्रति + अर्पण = प्रत्यर्पण. अति + अंत यांचं ‘अत्यंत’ होतं, ‘अत्यांत’ होत नाही, तसंच हे. काना बहुधा ‘प्रत्यारोपणा’वरून शिरला असावा, पण तिथे मुळातच ‘आरोपण’ आहे, म्हणून तो शोभतो. वर्तमानपत्रांत ‘प्रत्यार्पण’ कितीही दिसलं तरी मी ‘प्रत्यर्पण’च लिहितो.

आता मूळ प्रश्न. दोन्हींना एकच शब्द वापरू नका, कारण युरोपीय संघाने हे दोन शब्द मुद्दाम वेगळे केले आहेत. प्रत्यर्पण हा दोन सरकारांमधला व्यवहार. न्यायालय तपासतं, पण शेवटचा शब्द बहुतेक ठिकाणी मंत्र्याचा. अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला आणि भारतात आला नोव्हेंबर २००५ मध्ये. फाशी देणार नाही, २५ वर्षांहून जास्त कैदेत ठेवणार नाही, अशी हमी भारत सरकारने पोर्तुगालला दिली, तेव्हा कुठे तो मिळाला. हे अस्सल प्रत्यर्पण.

संघाच्या जून २००२ च्या निर्णयाने संघातल्या देशांपुरती ही पद्धत बदलली आणि १ जानेवारी २००४ पासून नवी, म्हणजे युरोपीय अटक वॉरंटची, लागू झाली. वॉरंट एका देशातल्या न्यायिक अधिकाऱ्याचं आणि ते बजावायचं की नाही हे ठरवणाराही न्यायिक अधिकारीच. मंत्री मधून गेला. आरोपी राजी असेल तर संमतीपासून १० दिवसांत निर्णय, नसेल तर अटकेपासून ६० दिवसांत, अडलंच तर आणखी ३०. वॉरंट न्यायिक अधिकाऱ्याचंच हवं, याबाबतीत युरोपीय संघाचं न्यायालय इतकं काटेकोर आहे, की जर्मनीतल्या सरकारी वकिलांना न्यायमंत्रालय आदेश देऊ शकतं, एवढ्या कारणावरून त्यांनी काढलेली वॉरंटं २०१९ मध्ये चालेनाशी झाली.

म्हणजे माद्रिदच्या न्यायालयाने लिस्बनकडे माणूस मागितला तर ‘सरेंडर’, भारताने मुंबईतल्या खटल्यासाठी मागितला तर प्रत्यर्पण. फ्रेंच मजकुरात पहिल्याला ‘रमीझ’ म्हणतात, म्हणजे हाती सोपवणं.

मराठीत यासाठी शब्द शोधत बसायची गरजच नाही. ‘ठाणे पोलिसांनी येरवडा कारागृहातून आरोपीचा ताबा घेतला’ अशी वाक्यं आपण नेहमी वाचतो. एकाच देशात, एका न्यायालयाच्या हुकमावर माणूस इकडून तिकडे जातो, तिथे परराष्ट्र खात्याचा संबंध नसतो. युरोपीय संघाला आपल्या सीमांच्या आत नेमकं याच्याच जवळ जायचं होतं. म्हणून ‘ताबा देणे’ मला सर्वांत चपखल वाटतं. ‘हवाली करणे’ही चालेल, त्यातला ‘हवाला’ म्हणजे सोपवणूक, ‘हवालदारा’तही तोच आहे. ‘सुपूर्द’ मात्र टाळा. ‘सुपूर्दनामा’ म्हटलं की कोर्टात मुद्देमाल परत मिळाल्यासारखं वाटतं. नाम हवंच असेल तर ‘ताबा-कार्यवाही’ लिहा. ‘शरणागती’ तर अजिबात नको: शरण आरोपी जातो, इथे देणारं न्यायालय आहे.