शिराझ बाद होती की गरम?

तुम्ही लिहिलंय की मालवणात आठशे रुपयांची नाशिकची शिराझ ही रेड वाईन घेतली, बांगड्याच्या तिखल्याबरोबर प्यायलात, तर लोखंड चाटल्यासारखी लागली आणि घसा जळला. वाईन बाद आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते बाटलीचा दोष कमी, ताटाचा आणि हवेचा जास्त.

आधी बांगडा. रेड वाईनमध्ये थोडं लोह असतं आणि तेलकट मासळीशी गाठ पडली की त्यातून तोंडात उग्र, धातूसारखी चव उठते. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये हे लोहाचं कारण दाखवून दिलं. शिवाय मिरचीचा जाळ अल्कोहोलने भडकतो, आणि शिराझमध्ये तो साधारण १३-१४ टक्के असतो. मासळीच्या जेवणात ही बाटली उघडूच नका. त्यापेक्षा काळ्या वाटाण्याची उसळ किंवा बेताच्या तिखटाचं सुकं मटण करा. भाजलेल्या खोबऱ्याशी शिराझचं छान जमतं.

दुसरी गोष्ट गरमी. रेड वाईन घरातल्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड मुलखातला. आपल्याकडे घरातच ३० अंश असतात. तेवढ्या गरम वाईनमधून आधी अल्कोहोलच नाकात जातो. पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाटली फ्रिजमध्ये ठेवा. हाताला माठातल्या पाण्याइतकी गार लागली की पुरे. त्याहून गार केलीत तर वास मिटतो आणि तुरटपणा वाढतो.

आता परीक्षा. पेला एक तृतीयांशच भरा, फिरवा, नाक आत घाला. चांगल्या शिराझला पिकल्या जांभळाचा वास येतो, मागून काळी मिरी. मिरी सापडली नाही तर खट्टू होऊ नका. तो वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा असतो आणि सुमारे पाचातल्या एका माणसाला तो येतच नाही. गडद रंगावर तर अजिबात भाळू नका, त्यावरून दर्जा कळत नाही.

मग छोटा घोट तोंडभर फिरवा. आंबटपणाने लाळ सुटली पाहिजे. तुरटपणा काजूच्या बोंडूवरून ओळखा. कच्चा बोंडू चावला की जीभ खरखरीत होते आणि घसा आवळतो. पिकलेल्या बोंडूत तुरटपणा असतोच, पण रसात मुरलेला. वाईनचा तुरटपणा या दुसऱ्या जातीचा हवा. गिळल्यावर मनात आकडे मोजा. तीनच्या आत चव पुसली गेली तर वाईन साधी. आठ-दहापर्यंत फळाची चव रेंगाळली तर आठशे रुपये वसूल. स्वस्त बाटलीत मी सगळ्यात जास्त मान देतो तो या रेंगाळण्याला. सुरुवातीचा गोडवा थोडी साखर राखूनही आणता येतो, शेवट तसा आणता येत नाही.

खरंच बाद झालेली बाटलीही मी चाखली आहे. एक बाटली मे महिनाभर माळ्यावर, कौलांखाली राहिली. बूच वर सरकलं होतं आणि वाईनला शिजलेल्या मोरंब्याचा वास येत होता. म्हणून दुकानात उन्हाच्या कपाटातली बाटली घेऊ नका.

तुमची अजून उरली असेल आणि उघडून दोन-तीनच दिवस झाले असतील, तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. उद्या दोन पेले भरा, एक गार, एक तासभर बाहेर ठेवलेला. सोबत काही खाऊ नका. दोन्हींत काय फरक पडला ते इथे लिहा, मग तुमच्या बाटलीबद्दल नेमकं बोलता येईल.