सुई उडते, पण दोष तबकडीचा नाही

प्रश्न : नमस्कार भाई. माझे काका बोटीवर होते. त्यांच्या पेटीत लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडची 'लेड झेपेलिन टू' ही एलपी सापडली म्हणून मी सेकंडहँड टर्नटेबल घेतला. पहिल्याच गाण्यात, 'होल लॉटा लव्ह'मध्ये, सुई उडते. गाण्याच्या शेवटाकडे तर गायक ओळ म्हणायच्या आधी तीच ओळ अगदी बारीक, लांबून ऐकू येते. दादा म्हणतो तबकडी गेली, फ्रेम करून भिंतीला लाव. सुईच्या डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवलं की उडत नाही. ठेवू का? – एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : आधी ते नाणं काढ, बाय. मग पुढचं वाच.

सुई ज्यात बसते ती डबी म्हणजे कार्ट्रिज. आजच्या बहुतेक चांगल्या कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम वजन लागतं. रुपयाचं नाणं एकटंच तीन ग्रॅमच्या वर जातं. सुई उडायची थांबते ती चर खरवडत जाते म्हणून. असं काही महिने चाललं तर दादाचं म्हणणं खरं ठरेल आणि खरोखरच भिंतीला लावावी लागेल.

आता उडते का ते बघू. त्याच जागी दर वेळी उडते, की कधी इथे कधी तिथे? जागा ठरलेली असेल तर तिथे ओरखडा आहे, घाण बसली आहे, नाहीतर वजन कमी पडतंय. जागा बदलत असेल तर टर्नटेबल तिरका आहे किंवा जमीन हलते. आपल्याकडच्या जुन्या घरांत माडीवर लाकडी फळ्या असतात. कुणी चहा घेऊन आलं की सुईला आधी कळतं. तसं असेल तर टर्नटेबल टेबलावरून काढ आणि भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेव.

वजन लावायला दुकानात जायची गरज नाही. अँटिस्केट, म्हणजे सुई आत ओढली जाऊ नये म्हणून असलेली कळ, शून्यावर आण. टोनआर्म म्हणजे सुई धरणारा दांडा. त्याच्या मागचं वजन फिरवत तो मोकळा तरंगेल, ना वर ना खाली, असा कर. मग वजनाला हात न लावता नुसती आकड्यांची चकती शून्यावर आण. तिथून वजन आणि चकती एकत्र फिरवून कार्ट्रिजवाल्याने सांगितलेल्या आकड्यावर थांब. अँटिस्केटही तेवढंच ठेव. सेकंडहँड म्हणतेस म्हणजे सुई किती जुनी ते देव जाणे. सुईची दांडी ज्या रबरात बसते ते वर्षांनी कडक होतं आणि मग भारी बेसचा चर तिला झेपत नाही. सुई नवी घाल.

भारी बेस म्हटलं, कारण याच अल्बमची त्याबद्दल ख्याती आहे. ऑक्टोबर 1969 मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा पहिला कट, म्हणजे छपाईसाठी मूळ तबकडीवर चर कोरायचं काम, बॉब लडविग यांनी केलं होतं, आणि तो इतका जोरकस होता की साध्या टर्नटेबलवर सुया उडायला लागल्या. कंपनीने घाबरून आवाज आणि बेस उतरवून दुसरा कट काढला. तो पहिला कट आज संग्राहक हुडकत फिरतात. लेबल आणि शेवटचं गाणं यांच्यामध्ये जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर उजेड तिरका पाडून बघ. इंग्रजी 'आर' आणि 'एल' अशी हाताने कोरलेली अक्षरं दिसली तर तुझे काका नशीबवान. अटलांटिक कंपनीच्या अमेरिकन प्रतीवर एसडी 8236 हा नंबर असतो, इंग्लंडच्या प्रतीवर 588198. अक्षरं दिसली नाहीत म्हणून तबकडी टाकाऊ ठरत नाही, तेवढं बघ.

राहिला तो बारीक आवाज. मी फोंड्याकडच्या जत्रांतल्या नाटकांना माईक लावत म्हातारा झालो, त्यामुळे नको तिथला आवाज म्हटला की माझे कान आधी टवकारतात. एलपीत शेजारच्या चराचा आवाज आधीच्या फेऱ्यात झिरपतो हे खरं आहे. पण तो बरोबर एक फेरा, म्हणजे 1.8 सेकंद आधी येतो. तू ऐकतेस ते निराळं. मोबाईलवर तेच गाणं लाव, तिथेही ते आहे. मूळ टेपवर बँडचे गायक रॉबर्ट प्लांट यांनी आधी गायलेला तुकडा होता आणि फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, पूर्ण खाली ओढला तरी तो झिरपतच राहिला. मिक्सिंग करणारे एडी क्रेमर आणि निर्माता-गिटारवादक जिमी पेज यांनी मग त्यालाच रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवला आणि ठेवून दिला. घालवता येत नाही ना, मग मुद्दाम केल्यासारखं दाखवा! जत्रेत आम्ही हेच करतो, फक्त आमच्या रेकॉर्डी निघत नाहीत.

आणि एक. काकांच्या लेबलवर या गाण्याखाली बँडमधल्या चौघांचीच नावं असतील. ब्लूज गीतकार विली डिक्सन यांनी लिहिलेलं आणि ब्लूज गायक मडी वॉटर्स यांनी 1962 मध्ये गायलेलं गाणं यात उतरलं आहे. डिक्सन यांनी 1985 मध्ये दावा लावला, कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि पुढच्या प्रतींवर त्यांचं नाव आलं. गाणं मला तेवढंच आवडतं. लेबल वाचताना मात्र मी पाचवं नाव धरून वाचतो.

प्रश्न : पहिला अल्बम गाजला की दुसरा पडतो असं म्हणतात. मग 'लेड झेपेलिन टू' हा दुसरा अल्बम कसा चालला? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : चालला म्हणजे काय, बीटल्सच्या 'अॅबी रोड'ला अमेरिकेत पहिल्या नंबरावरून खाली ढकललं! दुसऱ्या अल्बमला बँड बसून विचार करतात आणि तिथेच घोटाळा होतो. यांना बसायला वेळच नव्हता. पहिला अल्बम जानेवारी 1969 चा, आणि लगेच दौरा. लंडन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, जिथे मुक्काम तिथल्या स्टुडिओत गाणी झाली. एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला जाताना टेम्पोतच प्रवेश बसवणाऱ्या नाटकमंडळीसारखं. गाणी रोज स्टेजवर वाजत होती, म्हणून हात गरम होता.

धावपळीच्या खुणाही सापडतात. 'हार्टब्रेकर'मध्ये सगळे थांबतात आणि गिटार एकटी वाजते. तो तुकडा दुसऱ्याच स्टुडिओत वाजवून मध्ये बसवला आहे. हेडफोन लावून ऐका, गिटारचा आवाजच बदलतो. कुणाला ते ठिगळ वाटेल, मला तीच जागा सगळ्यात आवडते. 'मोबी डिक'मधला जॉन बॉनमचा ड्रम सोलो मात्र घरच्यांच्या जेवणाच्या वेळेला लावू नये.

प्रश्न : आजोबांच्या मास्टर दीनानाथांच्या जुन्या तबकड्यांवर पावसाळ्यात बुरशी आली. मुलाच्या रॉक एलपींवरही आली आहे. दोन्ही स्पिरिटने पुसू का? आणि एकाच सुईवर वाजतील ना? – एक वाचक, साखळी

उत्तर : जुन्यांना स्पिरिट अजिबात नको. त्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात, स्पिरिटने लाख विरघळते. दोन्हींना डिस्टिल्ड पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि चराच्या दिशेने गोल पुसणं. लेबल कोरडं ठेवा. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने परत पुसून पंख्याखाली उभ्या वाळवा. कागदी पाकिटं बुरशीची असतील तर नवी घ्या, नाहीतर पुढच्या श्रावणात पुन्हा मला पत्र लिहाल.

सुई एक चालणार नाही. 78 चा चर एलपीच्या चरापेक्षा बराच रुंद असतो. एलपीची सुई त्यात तळाशी लोळते आणि नुसती खरखर येते. 78 साठी वेगळी, जाड टोकाची सुई मिळते. बऱ्याच कार्ट्रिजांवर ती ओढून बदलता येते. आणि टर्नटेबलला 78 चा वेग आहे ना, ते सुई घ्यायच्या आधी बघा. आजकालच्या बऱ्याच मशिनींत 33 आणि 45 एवढेच असतात.