कॉलेज संपल्यावर सोरोरिटीत जायचे असेल तर

प्रिय,

कॉलेज संपल्यावर सोरोरिटीत, म्हणजे अमेरिकी कॉलेजांतल्या ग्रीक अक्षरांची नावे असलेल्या मुलींच्या संघटनेत, जाता येते का, असे तू विचारलेस. हो, जाता येते. पदवी पुण्याची असो की पर्ड्यू विद्यापीठाची, वय पंचवीस असो की पंचावन्न, अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या सोरोरिटी पदवीधर बायकांना सभासद करून घेतात. मात्र तू पाठवलेल्या संघटनांच्या यादीत दोन वेगवेगळ्या घराण्यांची नावे एकाखाली एक आली आहेत. त्यांचे रीतिरिवाज जवळजवळ उलटे आहेत. एकीकडे जे करणे शहाणपणाचे, तेच दुसरीकडे उद्धटपणाचे ठरते. म्हणून आधी ती यादी वेगळी करू.

पहिले घराणे नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सचे. १९०२ साली सुरू झालेल्या या परिषदेत आज २६ संघटना आहेत. तुझ्या यादीतल्या काप्पा अल्फा थीटा, डेल्टा गॅमा, अल्फा फाय आणि झीटा टाऊ अल्फा त्यातल्याच. दुसरे नॅशनल पॅन-हेलेनिक काउन्सिलचे. ते १९३० साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात उभे राहिले. त्यात कृष्णवर्णीयांनी स्थापन केलेल्या नऊ संघटना आहेत आणि त्यातल्या चार स्त्रियांच्या: अल्फा कॅपा अल्फा (१९०८), डेल्टा सिग्मा थीटा (१९१३), झीटा फाय बीटा (१९२०) आणि सिग्मा गॅमा ऱ्हो (१९२२). नावे कानाला सारखी लागतात, पण संस्थांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

पहिल्या घराण्यात जायचे तर मार्ग सरळ आहे. तिथे याला अ‍ॅलम्ना इनिशिएशन म्हणतात, बोलताना नुसते ‘एआय’. संघटनेच्या मुख्यालयाच्या संकेतस्थळावर चौकशीचा अर्ज असतो, तो मोकळेपणाने भर. ‘मला सभासद व्हायचे आहे’ असे लिहिण्यात काही गैर नाही. पुढे पूर्ण अर्ज येतो. त्याला एक-दोन सभासदांची शिफारस लागते. कुणी ओळखीचे नसेल तर बऱ्याच संघटना गावातल्या, कॉलेज संपलेल्या सभासदांच्या अ‍ॅलम्नी शाखेशी गाठ घालून देतात. मग शाखेची आणि मुख्यालयाची संमती, फी, संघटनेच्या इतिहासाचा थोडा अभ्यास आणि शेवटी दीक्षाविधी. या सगळ्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. विधी बहुतेक वेळा जवळच्या विद्यापीठातल्या शाखेत, तिथल्या मुलींच्या विधीबरोबरच होतो. म्हणजे पांढरा पोशाख घालून तू एकोणीस वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभी असशील. याचा संकोच वाटत असेल तर राष्ट्रीय अधिवेशनात विधी करता येतो का, हे आधीच विचार.

दोन अटी पक्क्या लक्षात ठेव. या २६ पैकी एकीची दीक्षा घेतली की दुसरीत कधीच जाता येत नाही, राजीनामा दिला तरीही. म्हणून ‘ही मिळाली तर ही, पुढे आवडली नाही तर ती’ हा हिशेब इथे चालत नाही. दुसरी अट: सध्या बॅचलर पदवीसाठी शिकत असलेल्या मुलीला या वाटेने घेत नाहीत, तिने कॉलेजातल्या भरतीतूनच यायचे. तू मास्टर्स करते आहेस, तेव्हा त्याची अडचण नाही.

दीक्षेनंतर काय मिळते याबद्दल गैरसमज फार आहेत. कॉलेजातली शाखा तुझी होत नाही. तिथे मत नाही, मुली राहतात त्या शाखेच्या घरात खोली नाही, मुलींच्या पार्ट्यांना आमंत्रण नाही. तू अ‍ॅलम्नी शाखेची सभासद होतेस. ही शाखा कशी आहे यावर पुढचे सगळे अवलंबून. काही शहरांत ती महिन्याला कार्यक्रम करते, निधी उभारते, नव्या मुलींना नोकरीसाठी हात देते. काही ठिकाणी वर्षातून स्थापना दिनाचे एक जेवण, तेवढेच. म्हणून संघटनेची कीर्ती बघण्याआधी तुझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरात कोणती शाखा जिवंत आहे, ते बघ. गेल्या वर्षभरातले तिचे कार्यक्रम मोज. सहाच्या खाली असतील तर माझ्या मते फी वाया जाईल.

मोठेपणी आलेल्या सभासदांना खरे काम मिळते ते सल्लागार म्हणून. प्रत्येक कॉलेज शाखेला हिशेब, भरती, शिस्त अशा कामांसाठी प्रौढ सल्लागार लागतात आणि त्यांची टंचाई कायमची. शाखेचे स्वतःचे घर असेल तर ते सांभाळायला हाउस कॉर्पोरेशन नावाचे वेगळे मंडळ असते. त्याच्याकडे विमा, छत, अग्निशमनाची व्यवस्था, स्वयंपाकघर, भाडेकरार अशी कामे असतात. तुझ्यासारख्या सिव्हिल इंजिनियरला तिथे पहिल्याच वर्षी बोलावतील. काम बिनपगारी आहे. एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो तो) असताना सभासद होण्यात किंवा असे काम करण्यात अडचण नाही, पण नोकरीचा परवाना नसेल तर मानधन देणारे पद तेवढे घेऊ नकोस.

सेवाकार्याचा विषयही बघून ठेव, कारण पुढची बरीच वर्षे त्याच कामासाठी निधी गोळा करशील. डेल्टा गॅमाचा विषय दृष्टी, अल्फा फायचा स्त्रियांचे हृदयारोग्य, झीटा टाऊ अल्फाचा स्तनाच्या कर्करोगाबाबतची जागृती. काप्पा अल्फा थीटा न्यायालयात अत्याचारग्रस्त आणि दुर्लक्षित मुलांची बाजू मांडणाऱ्या स्वयंसेवकांच्या पाठीशी असते. आणखी एक प्रश्न आपल्याकडच्या मुली विचारायला लाजतात: विधीत बायबलमधले उतारे किंवा ख्रिस्ती प्रार्थना आहे का? विधी गुप्त असतो, तरी एवढे उत्तर बहुतेक ठिकाणी देतात. शपथ घेताना अडखळण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

आता दुसरे घराणे. इथे तुला जास्त वेळ द्यावा लागेल.

कमला हॅरिस यांच्यामुळे अल्फा कॅपा अल्फाचे नाव आपल्या घरांत पोहोचले. पण त्या १९८६ साली हॉवर्डमध्ये विद्यार्थिनी असताना सभासद झाल्या. तुझी वाट पदवीधर शाखेची आहे, आणि ती लांब आहे. या संघटनांत पदवीनंतरचे सभासदत्व म्हणजे कॉलेजात हुकलेल्या गोष्टीची भरपाई नव्हे. त्यांचे निम्मे आयुष्य पदवीधर शाखांतच जाते, आणि मोठी कामे त्याच करतात. डेल्टा सिग्मा थीटाच्या बावीस संस्थापिकांचे पहिले सार्वजनिक पाऊल मार्च १९१३ मधल्या वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्च्यात पडले. अल्फा कॅपा अल्फाने १९३५ पासून अनेक उन्हाळे मिसिसिपीच्या खेड्यांत डॉक्टर आणि परिचारिका नेऊन दवाखाने चालवले. झीटा फाय बीटा १९७२ पासून मार्च ऑफ डाइम्स या संस्थेबरोबर गरोदर बायकांसाठी ‘स्टॉर्क्स नेस्ट’ चालवते. सभासदत्व कोणत्याही वंशासाठी बंद नाही, भारतीय वंशाच्या सभासदही आहेत. पण कृष्णवर्णीय समाजाशी तुझा संबंध फक्त ऑफिसातल्या दोन मैत्रिणींपुरता असेल, तर अर्जाचा विचार आत्ता नको. आधी तो संबंध कामातून येऊ दे. ही अट कुठे लिहिलेली नाही, पण मुलाखतीत पाच मिनिटांत उघडी पडते.

इथला पहिला नियम: गाजावाजा नाही. समाजमाध्यमांवर ‘मला अमुक व्हायचे आहे’ असे लिहिलेस, शाखेच्या पानावर दर पोस्टखाली हृदये टाकलीस, तर नाव तिथेच बाद होते. सभासद एकमेकींना ‘सोरोर’ (बहीण) म्हणतात, तू म्हणायचे नाही. त्यांच्या हाका, हाताच्या खुणा, ग्रीक अक्षरांचे कपडे यांना हात लावायचा नाही. रंगांचेही तसेच: अल्फा कॅपा अल्फाचे गुलाबी-हिरवे, डेल्टा सिग्मा थीटाचे किरमिजी आणि सायीसारखे फिकट (क्रीम), झीटा फाय बीटाचे निळे-पांढरे, सिग्मा गॅमा ऱ्होचे निळे-सोनेरी. गुलाबी काठाची हिरवी पैठणी लग्नात खुशाल नेस, अल्फा कॅपा अल्फाच्या कार्यक्रमाला मात्र नको. काळा किंवा करडा सूट, साधे दागिने, वेळेच्या पंधरा मिनिटे आधी.

मग तुझी इच्छा कळणार कशी? ती तुझ्या कामावरून कळू दे, आणि तुला चांगली ओळखणाऱ्या एका सभासदेला, एकान्तात, एकदाच सांग. शाखेचे जाहीर कार्यक्रम बघ: आरोग्य शिबिर, शिष्यवृत्तीसाठीचे जेवण, शाळेची दप्तरे वाटणे. तिथे जा, खुर्च्या लावायला मदत कर, नाव सांग, घरी ये. सहा महिने, वर्षभर हेच. अल्फा कॅपा अल्फाच्या पदवीधर शाखेत प्रवेश निमंत्रणानेच मिळतो. इतर संघटनांत शाखा नवे सभासद घेणार असेल तेव्हा माहितीसभेची सूचना निघते. या प्रक्रियेला ‘इंटेक’ म्हणतात. ती दरवर्षी होत नाही, मधे दोन-तीन वर्षांचा खंड पडू शकतो. त्या काळात शहर बदललेस तर ओळखी पुन्हा पहिल्यापासून.

शिफारसपत्र देणारी सभासद ‘फायनान्शियल’ हवी, म्हणजे तिची चालू वर्षाची वर्गणी भरलेली हवी. नसेल तर पत्र धरतच नाहीत. अर्ज बाद होण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे, आणि विचारायला संकोच वाटतो म्हणूनच घडते. सेवाकार्याचा पुरावा संस्थेच्या लेटरहेडवर घे. त्यात तारखा, तास, कामाचे स्वरूप आणि समन्वयकाची सही हवी. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातली मेहनत मोठी असते हे खरे, पण निवड समितीच्या नजरेत ती आपल्याच लोकांसाठी केलेली असते. फूड बँक, शाळेतली शिकवणी, स्त्रियांचे आश्रयगृह यांतले काम पुढे ठेव.

आता एक गोष्ट कडक शब्दांत. या घराण्यातल्या तेव्हाच्या आठ संघटनांनी १९९० साली जुनी प्लेजिंगची (दीक्षेआधीच्या लांबलचक उमेदवारीची) पद्धत बंद केली. आज अधिकृत इंटेक काही आठवड्यांचा असतो, तारखा मुख्यालयाने मंजूर केलेल्या असतात. त्याच्या आधी किंवा नंतर कुणी रात्री एखाद्या घरी बोलावले, फोन काढून घेतला, पाठांतर चुकले म्हणून उभे केले, सामान आणायला पळवले, रोख पैसे मागितले, तर ते हेझिंग, म्हणजे आपल्याकडचे रॅगिंग, आहे. बहुतेक राज्यांत तो गुन्हा आहे, आणि बऱ्याच राज्यांत ‘तिने स्वतःहून मान्य केले होते’ हा बचाव चालत नाही. ‘यातून गेली नाहीस तर तू नुसती कागदावरची’ असे टोमणे मारणाऱ्या चाळीस-पन्नास वर्षांच्या बायकाही भेटतील. कागदावरची राहा. निघून ये आणि मुख्यालयाला कळव. त्यात सामील होऊन पकडली गेलीस तर तुझेही सभासदत्व जाऊ शकते.

पैशांचे बोलू. पहिल्या घराण्यात दीक्षेचा खर्च साधारण काही शे डॉलर, बॅज वेगळा. साधा बॅज घे, रत्नजडित किंमत कुठल्या कुठे नेतो. वार्षिक राष्ट्रीय वर्गणी त्या मानाने किरकोळ असते. दुसऱ्या घराण्यात पदवीधर इंटेकचा आकडा हजार डॉलरच्या पुढे धरूनच चाल. त्यानंतर दरवर्षी राष्ट्रीय, विभागीय आणि शाखेची वर्गणी मिळून आणखी काही शे. अधिवेशनाचा प्रवास, हॉटेल आणि ठरावीक पोशाख त्यावर. ही वर्गणी करातून वजा होत नाही, कारण करकायद्यात सोरोरिटी हा सामाजिक क्लब आहे. तिच्या धर्मादाय फाउंडेशनला दिलेली देणगी मात्र वजावटीत धरता येते. दोन्ही पावत्या वेगळ्या ठेव.

ही दोन्ही घराणी जड वाटली तर बीटा सिग्मा फाय बघ. कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीन गावी १९३१ साली सुरू झालेल्या या संघटनेला विद्यापीठ, पदवी, काही लागत नाही. आपल्या भिशीसारख्या सभासदांच्या घरी आळीपाळीने सभा होतात. पी.ई.ओ. ही १८६९ मध्ये आयोवात जन्मलेली संघटनाही आहे. तिथे निमंत्रणाने घेतात, आणि परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलींना ती १९४९ पासून शिष्यवृत्ती देते. दक्षिण आशियाई मुलींनी काढलेल्या डेल्टा फाय ओमेगा, काप्पा फाय गॅमा आणि सिग्मा सिग्मा ऱ्हो या तिन्ही १९९८ च्या. त्यांचा भर कॉलेजातल्या मुलींवर आहे, त्यामुळे तुझ्या वयाला त्यांच्यावर अवलंबून राहू नकोस.

शेवटी कागद. पदवीधर शाखांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची बॅचलर पदवी आणि ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला गुणांचा अधिकृत उतारा) लागते. तुझी चार वर्षांची बी.ई. आहे, तिला प्रश्न येऊ नये. तुझ्या बहिणीची तीन वर्षांची बी.कॉम. मात्र परदेशी पदव्यांच्या अमेरिकी मूल्यांकनात काही वेळा पूर्ण बॅचलर धरली जात नाही. तिने एम.कॉम.चे कागदही सोबत जोडावेत. मूल्यांकन प्रत्येक विषयाचे गुण दाखवणारे घ्या, नुसते पदवीची बरोबरी सांगणारे नको. नावाचा घोळ आधीच निस्तर: गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी, पासपोर्टवर नवऱ्याचे नाव मधे, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधले नावच नाही. अर्जावर पासपोर्टप्रमाणे नाव लिही, आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत व नावबदलाचे प्रतिज्ञापत्र एकत्र जोड. माहितीसभेची सूचना निघाल्यावर मुदत फार तर काही आठवड्यांची असते, आणि आपल्या विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. त्यामुळे शाखा ठरली नसली तरी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज याच महिन्यात टाक, आणि दोन जादा प्रती मागव.

कळावे,
तुझी ताई